एंजिनांची सफाई व निगा, वऱ्हाडातील

एंजिनावरील काजळी, राख, वंगणाचा चिकटा, धूळ व क्षारांचे थर काढून टाकणे, उघड्या धातूस तेलाचा हात देणे आणि हे करीत असता बिघाडाची चिन्हे हेरणे, या सर्व कामांचा एंजिनाच्या सफाईत समावेश होतो. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या भागांत हा व्यवसाय कापसाच्या व्यापाराबरोबर आला. सरकी काढण्याच्या व गाठी बांधण्याच्या कारखान्यांतील वाफ एंजिने, मूर्तिजापूरच्या अरुंदमापी लोहमार्गावरील एंजिने आणि मोटारगाड्या असे त्याचे तीन टप्पे पडतात. तिन्ही टप्प्यांत देखणेपणापेक्षा सुरक्षितता व टिकाऊपणा यांना अधिक महत्त्व होते.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–नागपूर मार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन १८७० मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले व त्याच सुमारास बडनेऱ्याहून अमरावतीसही लोहमार्गाने जोडण्यात आले. यानंतर अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा इ. बाजारपेठांत वाफेवर चालणारे जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने वाढत गेले. या कारखान्यांनी शेतकरी समाजातील तरुणांस प्रथमच यंत्रशाळेत आणले.

कारखान्यांतील एंजिने : जिनिंग कारखान्यात कापसाचे बारीक तंतू सतत हवेत तरंगत असतात. ते तेलकट भागांवर बसले की त्यांचा पेटाऊ थर तयार होतो. तापलेला धारवा किंवा भट्टीतून उडालेली ठिणगी एवढ्यानेही तो पेट घेतो व आग रुईच्या ढिगापर्यंत पोहोचते. म्हणून पाळी संपताच एंजिन पुसून काढणे हा कारखान्याच्या संरक्षणाचाच भाग होता. हंगाम साधारणतः कार्तिक ते चैत्र असा चाले. पावसाळ्यात यंत्रे उघडून सिलिंडर, दट्टे व झडपा स्वच्छ करीत आणि गंज चढू नये म्हणून त्यांवर जाड वंगणाचा लेप देत.

बाष्पित्राची आतील सफाई हे याहून जोखमीचे काम होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेलेल्या खारपाणपट्ट्यात, भूजल क्षारयुक्त आहे. कठीण पाणी उकळले असता क्षारांची पापडी धातूच्या पत्र्यावर जमते. तिच्यातून उष्णता पाण्यापर्यंत नीट जात नाही. त्यामुळे पत्रा प्रमाणाबाहेर तापून मऊ होतो, फुगतो व अखेरीस फुटू शकतो. पाण्यात विरघळलेले क्षार फार वाढल्यास फेस येऊन वाफेबरोबर पाणीही सिलिंडरात जाते. १९२३ च्या भारतीय बाष्पित्र अधिनियमाने नोंदणी व तपासणी यांसंबंधीचे नियम देशभर एकसारखे केले. प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असे व निरीक्षकापुढे बाष्पित्र तपासणीस योग्य अशा स्थितीत सादर करणे मालकावर बंधनकारक होते. पापडीखाली दडलेली चीर निरीक्षकासही दिसत नाही. त्यामुळे घासणाऱ्या मजुराच्या कामावरच तपासणीचा खरेपणा अवलंबून राही.

मूर्तिजापूरचे एंजिनघर : मूर्तिजापूर (अकोला जिल्हा) येथून एक अरुंदमापी मार्ग उत्तरेस अचलपूरकडे (सु. ७६ किमी.) व दुसरा दक्षिणेस यवतमाळकडे (सु. ११३ किमी.) जात असे. रुळांमधील अंतर ७६२ मिमी. होते. किलिक, निक्सन आणि कंपनी या मुंबईच्या व्यापारी पेढीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे या मार्गाची मालकी होती. गाड्या मात्र ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे व १९५१ पासून मध्य रेल्वे चालवीत असे. लोकांनी तिला ‘शकुंतला’ हे नाव दिले. आतल्या भागातील कापूस मुख्य मार्गावर आणणे, हा या मार्गाचा मूळ उद्देश. कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरकडे जाई आणि तो ओढणारे झेडडी वर्गाचे एंजिनही मँचेस्टर येथेच १९२१ मध्ये तयार झाले होते. १९२३ मध्ये कामास लागलेले हे एंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. सत्तर वर्षांच्या या सेवेचे श्रेय जितके त्याच्या बांधणीस, तितकेच एंजिनघरातील रोजच्या निगेस द्यावे लागते.

कार्यपद्धती : फेरी संपवून आलेल्या वाफ एंजिनाची अग्निपेटी प्रथम मोकळी करीत व राखेच्या तसराळ्यातील राख उपसत. नंतर धूमपेटीचे दार उघडून आत साचलेली कोळशाची भुकटी काढीत. ती वाढली तर खालच्या नळ्यांची तोंडे बुजतात व भट्टीला ओढ राहत नाही. नळ्यांतील काजळी लांब सळईने झाडली जाई. धूमपेटीतील ठिणगीरोधक जाळीकडे कापसाच्या मुलखात विशेष लक्ष पुरवावे लागे, कारण फाटक्या जाळीतून सुटलेली एक ठिणगी गाठींनी भरलेली वाघीण पेटविण्यास पुरते. ठराविक दिवसांनी बाष्पित्र धुतले जाई. त्यासाठी ते आधी सावकाश निवू देत. तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी पडल्यास तो तडकतो. मग धुलाईच्या डाटी काढून पाण्याचा जोरदार झोत व सळया यांच्या साहाय्याने तळाचा गाळ बाहेर काढीत.

बाहेरील भाग घासलेटात भिजवलेल्या सुताच्या बोळ्याने पुसत व शेवटी तेलाचा पातळ हात देत. हा बोळा म्हणजे कापूस गिरण्यांतून उरलेला टाकाऊ धागा. रेल्वेत त्याला ‘वेस्ट’ म्हणत. पुसण्यातूनच तपासणी साधे. स्वच्छ पुसलेल्या दांड्यावर काही वेळाने तेलाची केसासारखी रेघ उमटली, तर तेथे चीर आहे असे समजत. सैल झालेला नट किंवा झिजलेली खीळ हाताखाली कळे.

रेल्वेत ‘क्लीनर’ ही एंजिनावरील नोकरीची सर्वांत खालची पायरी होती. क्लीनर, फायरमन, शंटर व ड्रायव्हर असा बढतीचा क्रम असे. काळवंडलेले कपडे, रात्रपाळी, उष्णता व राखेची धूळ यांमुळे हे काम कष्टाचे व आरोग्यास अपायकारक होते. तथापि एंजिनाचा प्रत्येक सांधा माणसाच्या ओळखीचा होई तो याच काळात. डीझेल एंजिने आल्यावर भट्टी, राख व बाष्पित्र यांबरोबर शिक्षणाची ही परंपराही संपली. मार्गावरील वाहतूकही २०१० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने बंद पडली.

मोटारगाड्या : सफाईमागील तत्त्व मोटारीच्या एंजिनासही लागू पडते. काळ्या मातीची धूळ गळलेल्या तेलात मिसळून घट्ट लेप तयार होतो. तो उष्णता कोंडतो व गळतीची जागा झाकून ठेवतो. धूर वाहून नेणाऱ्या तप्त नळीवर तेल पडल्यास आगीचा धोका असतो. हंगामात कापसाचे तंतू रेडिएटरच्या पात्यांत अडकून एंजिन तापते. ते मागील बाजूने हवा सोडून बाहेर काढावे लागतात. सफाईपूर्वी एंजिन थंड होऊ देतात, बॅटरीची जोडणी सोडतात आणि हवा आत घेणारी नळी, जनित्र व विजेचे सांधे झाकतात. तेलकटपणा द्रावण व ब्रश यांनी सोडवून थोड्या पाण्याने धुतात व पूर्ण वाळवितात. पाण्याचा जोरदार फवारा सांध्यांत शिरून बिघाड करतो. रबरी नळ्यांना झळाळी आणण्यासाठी खनिज तेल लावणे चुकीचे होय. त्याने रबर फुगते व मऊ पडते.

खंडेनवमीस (आश्विन शुद्ध नवमी) अवजारे व यंत्रे यांची पूजा करण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्या दिवशी कार्यशाळांत व मोटारतळांवर यंत्रे धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घालतात. एरवी दुर्लक्षित राहिलेले एंजिनही या निमित्ताने वर्षातून एकदा तरी उघडले व पुसले जाते. एंजिन सुरू करण्यापूर्वी मात्र पंखा, पट्टा व तप्त नळी यांजवळील फुले काढून घेणे आवश्यक असते.