गिअरबॉक्सचा आवाज : वालचंदांच्या मोटारीचा एक उपेक्षित इतिहास

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाची चर्चा सहसा १८७७ साली सुरू झालेल्या पहिल्या कापडगिरणीपासून आरंभ पावते आणि चादरीच्या यंत्रमागांपाशी थांबते. याच गावी २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांच्या संदर्भात आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्याच्या फाटकापाशीच संपतो. रस्त्यावर आलेली मोटार कोणत्या ज्ञानाच्या आधारे चालती राहिली, हा प्रश्न उपेक्षित राहतो. गिअरबॉक्सच्या आवाजावरून दोष ओळखणे हा त्या प्रश्नाचा एक लहान, पण बोलका भाग होय.

वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने तिची पहिली वाहने १९४७ मध्ये तयार झाली. १९५३ साली वालचंदांचे निधन झाले. पुढे इटलीच्या फियाटच्या रचनेवर बेतलेली व १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेलेली मोटार महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली. तिला चार गिअर होते. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरला सिंक्रोमेश यंत्रणा होती, पहिल्याला नव्हती. या एका तांत्रिक बाबीमुळे आवाजाच्या इतिहासातील दोन युगे एकाच पेटीत नांदत होती.

सिंक्रोमेश प्रथम अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत १९२८ च्या सुमारास आले. तत्पूर्वी फिरत्या दंतचक्रांचा वेग जुळवणे हे चालकाचे काम होते. क्लच दोनदा दाबून तो वेग जुळवी. चुकल्यास दाते करकरत. तो आवाज म्हणजे चालकाच्या हाताचा दोष. सिंक्रोमेशने हे काम घर्षणाने वेग जुळवणाऱ्या कड्यांकडे सोपवले आणि तोच आवाज यंत्राचा दोष ठरू लागला. पद्मिनी चालत असताना पहिला गिअर टाकताना करकरली, तर चूक चालकाची. दुसरा टाकताना करकरली, तर झिजलेल्या कड्यांची अथवा पूर्ण न सुटणाऱ्या क्लचची. हा भेद किरकोळ नव्हे. मालकाने गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च सोसावयाचा, की पगारी चालकाने बोलणी खावयाची, हे त्यावर अवलंबून होते.

निदानाची पद्धत वजाबाकीची. गाडी उभी, इंजिन चालू व गिअर न्यूट्रलमध्ये असताना येणारी घरघर क्लच दाबताच थांबली, तर संशय पुढच्या शाफ्टच्या किंवा काउंटरशाफ्टच्या बेअरिंगवर जातो. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग तपासावे लागते; गिअरबॉक्स उघडण्याची गरज नसते. आवाज एकाच गिअरमध्ये असेल, तर त्या गिअरचे दाते पाहावे लागतात. सर्वाधिक सूचक ठरतो तो चौथा गिअर. या मोटारीत चौथ्या गिअरला इंजिनचा जोर काउंटरशाफ्टला वगळून थेट मागे जातो. काउंटरशाफ्ट फिरत राहतो, परंतु भार वाहत नाही. म्हणून पहिल्या तिन्ही गिअरमध्ये ऐकू येणारी घरघर चौथ्यात मंदावली, तर दोष काउंटरशाफ्टकडे शोधावा लागतो. पुणे-हैदराबाद मार्गावर चौथ्या गिअरमध्ये दीर्घकाळ धावलेल्या मोटारीचा असा दोष झाकलेला राहावा आणि सोलापुरात शिरताना तिसरा गिअर पडताच तो उघडा व्हावा, हे रचनेतूनच उद्भवणारे होते. चौथ्यातही आवाज तसाच राहिला, तर मुख्य शाफ्टची बेअरिंगे किंवा थेट डिफरन्शियल संशयास पात्र ठरते. अर्थात या साऱ्यापूर्वी गिअरबॉक्समधील तेलाची पातळी पाहणे आवश्यकच.

यंत्राच्या आवाजावरून दोष ओळखण्याची सवय गिरण्या व मागांच्या या गावाला मोटारीनेच लावली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राच्या कवचाला व मूठ कानाला लावून ऐकण्याची युक्तीही केवळ मोटारीची नव्हे.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी कायमची बाहेर पडली. विजेवरील बहुतेक मोटारींत गिअर बदलण्याची क्रियाच नसते. त्यामुळे जुन्या मेकॅनिकांच्या मौखिक साक्षी ध्वनिमुद्रणासह नोंदवण्याचे काम तातडीचे झाले आहे. अशा नोंदीत दोषांच्या आवाजांइतकीच रिव्हर्स गिअरची शीळही असावयास हवी. सरळ दात्यांमुळे येणारा तो आवाज दोषाचा नसतो, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उघडावयाचा नसतो.