वजनावरून ओळख

रोग्याच्या रक्तांत कोणता जंतु शिरला आहे हें ठरविण्याचें काम सुमारें शंभर वर्षें एकाच वाटेनें चाललें होतें. कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेंत १८८२ च्या सुमारास अगरची थाळी आली. १८८४ सालीं ग्राम ह्यांनीं जंतु रंगविण्याची रीत काढली. पुढें कोणती शर्करा पचते, कोणती नाहीं, हें पाहत बसावयाचें. थाळीवर जंतूंची वसाहत उगवल्यावरही नांव कळण्यास एखादा दिवस सहज जाई, आणि तोंवर वैद्यानें अंदाजानेंच औषध चालवावें. आतां वसाहत हातीं आली कीं नांव कांहीं मिनिटांत निघतें, आणि तें जंतूच्या प्रथिनांच्या वजनावरून!

रेणूंचें वजन करण्याची विद्या मूळची पदार्थविज्ञानाची. ॲस्टन ह्यांनीं केंब्रिज येथें १९१९ सालींच तसें यंत्र सिद्ध केलें होतें. पण त्यासाठीं पदार्थ आधीं वायुरूप व विद्युद्भारित व्हावा लागतो, आणि प्रथिनाचा अवजड रेणु तापविला कीं मोडतो. १९७५ त अमेरिकेंत ॲनहाल्ट व फेन्सेलॉ ह्यांनीं वाळविलेले जंतु तापवून पाहिले. हातीं लागले ते लहान रेणु. प्रथिनें दूरच राहिलीं.

ही कोंडी क्योतो येथें १९८५ सालीं एका गफलतीनें फुटली. शिमाद्झू कारखान्यांतील कोइची तानाका हे विद्युत्-अभियांत्रिकीचे साधे पदवीधर. कोबाल्टच्या अतिसूक्ष्म पुडींत त्यांच्या हातून ॲसिटोनऐवजीं ग्लिसरीन पडलें. पूड महाग, टाकवेना. तीवरच त्यांनीं लेसरचा झोत सोडला, तों रेणु न मोडतां वर उठला! त्याच सुमारास जर्मनींत हिलेनकांप व करास हे झोत शोषून घेणाऱ्या सेंद्रिय स्फटिकांत रेणु मिसळून तेंच साधूं पाहत होते. १९८८ त त्यांनींही मोठीं प्रथिनें उचललीं. २००२ च्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला तो मात्र तानाकांस. मोठें प्रथिन प्रथम अखंड उचलण्याचा मान त्यांचाच, हें खरें. परंतु आज रुग्णालयांत चालते ती जर्मनांची स्फटिकांची रीत, कोबाल्टची नव्हे. माझ्या मतें पारितोषिक अयोग्य हातीं गेलें नाहीं, अपुऱ्या हातांत गेलें.

रीत सोपी आहे. वसाहतीचा कण धातूच्या पट्टीवर सारवून त्यावर स्फटिक बनणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकतात. लेसर पडतांच प्रथिनें निर्वात नळींतून धांवतात; हलकें आधीं पोंचतें, जड मागाहून. २,००० ते २०,००० डाल्टनांमधील ही रांग, बहुतेक रायबोसोमांतील प्रथिनांची, जंतूगणिक निराळी असते. २००९ त मार्सेय येथील संशोधकांनीं १,६६० जंतु असे तपासले, शेंकडा ९५.४ ओळखले गेले, शेंकडा ८४.१ जातीपर्यंत. अमेरिकन सरकारनें २०१३ सालीं ह्या यंत्रांस मान्यता दिली.

पण यंत्रास नांव ठाऊक नसतें. तें केवळ यादीशीं ताडून पाहतें. कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ सालीं टोकियोंत एका वृद्धेच्या कानांत सांपडली. तिची नोंद ज्या यादींत नव्हती, तेथें यंत्रासही ती ओळखतां येईना. आमांशाचा शिगेला आणि आपल्या आंतड्यांतला एशेरिकिया कोलाय हे तर इतके सगोत्र कीं दोघांची रांग जवळजवळ एकच. त्यांचा निवाडा अद्याप बहुधा जुन्या शर्करा-परीक्षेनें व रक्तद्रवानेंच करावा लागतो.