विलगीकरण कक्षातील परिचारिकांचा ताण

संसर्गजन्य रोग्यांना वेगळे ठेवून शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांवर येणारा शारीरिक व मानसिक भार. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात (सीपीआर) आणि महापालिकेच्या आयसोलेशन हॉस्पिटलात 2020–21 च्या कोविड साथीत तो ठळकपणे दिसला. पीपीई किट एकदा चढवले की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नयेत. गॉगलवर वाफ धरते, दुहेरी हातमोज्यांतून शीर बोटाला लागत नाही, आणि रोग्याला सिस्टरांचा चेहराच दिसत नाही. नातेवाईकांना आत मज्जाव असल्याने निरोप, व्हिडिओ कॉल, शेवटचे पाणी हेही त्यांच्याच वाट्याला येते. हा भार ड्युटीच्या तक्त्यात कुठेच मांडला जात नाही. संसर्ग घरी नेण्याची धास्ती, मुलांपासून दूर राहणे व शेजाऱ्यांचा दुरावा ही पुढची कारणे. कंत्राटी परिचारिकांना नोकरीचीही शाश्वती नसते. कोल्हापुरात या ताणात आपत्तींचीही भर पडली. सप्टेंबर 2020 मध्ये सीपीआरच्या अतिदक्षता विभागात आग लागून रोग्यांना तातडीने हलवावे लागले. जुलै 2021 मध्ये कोविडची दुसरी लाट पुरती ओसरली नसतानाच पंचगंगा नदीला महापूर आला.