नियमबदल आणि खेळाडूंची परंपरा-कल्पना

खेळाचे नियम बदलले की खेळाडू विरोध करतात, आणि हा विरोध जुन्याविषयीच्या आसक्तीतून उद्भवतो, असे सामान्यतः मानले जाते. ह्या मताची परीक्षा करण्यास ‘मॅजिक: द गॅदरिंग’ ह्या पत्त्यांच्या खेळाचा इतिहास उपयुक्त आहे. रिचर्ड गारफील्ड ह्यांनी रचलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ ह्या अमेरिकन कंपनीने १९९३ साली प्रसिद्ध केला. ह्यातील पत्ते खेळाडू विकत घेतो, त्यांची अदलाबदल करतो आणि आपला कॅट स्वतः रचतो. साहजिकच नियम बदलला की संग्रहाचे मोलही बदलते.

११ जुलै २००९ पासून ह्या खेळात दोन जुने नियम रद्द झाले. पहिला ‘मॅना बर्न’ हा होय. मॅना म्हणजे पत्ते खेळण्यासाठी लागणारी शक्ती. ती न वापरता उरली, तर तेवढे प्राण खेळाडूला गमवावे लागत. दुसरा नियम लढाईतील आघाताचा. हा आघात तत्काळ लागू न होता ‘स्टॅक’वर, म्हणजे प्रलंबित कृतींच्या उतरंडीवर, ठेवला जाई. त्यामुळे १९९७ सालच्या ‘मॉग फॅनॅटिक’ ह्या पत्त्यातील प्राणी लढाईत एक आघात करी आणि तो लागू होण्यापूर्वीच त्याचा बळी देऊन दुसराही आघात करता येई.

मॅना बर्न हा खेळाच्या आरंभापासूनचा नियम होता. तरीही तक्रारींचा मुख्य रोख दुसऱ्या नियमावर राहिला. खेळातील खोली गेली, कौशल्याला वाव उरला नाही, असे अनुभवी खेळाडू म्हणू लागले. वस्तुतः हा नियम १९९९ सालच्या सहाव्या आवृत्तीने आणलेला, अवघ्या दहा वर्षांचा होता. मॉग फॅनॅटिक निघाला तेव्हा त्याला दुहेरी आघात करता येतच नसे. २००९ च्या बदलाने तो आपल्या मूळ मर्यादेत परत आला, इतकेच.

ह्यावरून असे दिसते की, खेळाडू रक्षण करीत होते ते प्राचीनतेचे नव्हे, तर श्रमाने संपादन केलेल्या प्रावीण्याचे. मॅना बर्नचा प्रसंग क्वचितच येई. आघाताच्या नियमावर मात्र शेकडो डाव जिंकले गेले होते.

भाषाभ्यासकाला ह्याच वर्षीचा परिभाषेतील बदल अधिक उद्बोधक वाटेल. ‘खेळातून काढलेला’ पत्ता ह्यापुढे ‘हद्दपार’ म्हटला जाऊ लागला. बदल केवळ नावाचा वाटतो. पण तसा तो नव्हता. २००२ सालच्या ‘विश’ नावाच्या पत्त्यांनी खेळाबाहेरील पत्ते हाती घेता येत, आणि खेळातून काढलेले पत्तेही त्यांत मोडत. हद्दपारी हा खेळाच्या आतलाच विभाग ठरताच ती वाट बंद झाली. छापील पत्त्यावरचा मजकूर तोच राहिला. अर्थ तेवढा बदलला.

२००९ साली लढाईत आघात वाटण्याचा जो क्रम नव्याने घातला गेला, तोही २०२४ साली रद्द झाला. तेव्हा काही खेळाडूंनी त्या क्रमाचीच बाजू घेतली. एके काळचे नवे पंधरा वर्षांत परंपरा बनले होते. नियमांविषयीचा रोष अभ्यासताना म्हणूनच नियमाचे वय मोजून भागत नाही. त्यावर कोणाचे किती कौशल्य उभे आहे, हे पाहावे लागते.