‘उत्पत्ती’चे वाचन

चर्च आणि उत्क्रांतिवाद म्हटले की गॅलिलिओचा खटला आठवतो. प्रत्यक्षात डार्विनचा १८५९ सालचा ग्रंथ रोमच्या निषिद्ध ग्रंथसूचीत कधीच गेला नाही. श्रद्धा व उत्क्रांती यांची सांगड घालणाऱ्या फादर झाम यांच्या पुस्तकाविरुद्ध मात्र १८९८ साली निर्णय झाला. तो जाहीर केला गेला नाही, इतकेच.

ही कोंडी सुटू लागली ती, आम्हांला वाटते, साहित्यविचाराच्या वाटेने. १९४३ साली बाराव्या पायस पोपनी बायबलच्या अभ्यासकांना प्राचीन लेखनप्रकार ओळखून अर्थ लावण्यास सांगितले. त्यांच्याच १९५० सालच्या ‘हुमानी जेनेरिस’ या परिपत्रकाने मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाची मुभा दिली. आत्मा मात्र थेट ईश्वरनिर्मितच मानला. १९९६ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही केवळ परिकल्पना उरलेली नाही, हे मान्य केले.

तरी आदामाचा प्रश्न उरतोच. सृष्टीचे सहा दिवस रूपक मानता येतात. पण मानवजातीचे आदिपुरुष अनेक होते असे म्हटले, तर एका माणसाकडून सर्वांकडे आलेल्या आदिपापाचे काय? म्हणूनच १९५०च्या परिपत्रकाने ते मत स्वीकारले नाही. संहितेत रूपक कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, हे ठरवताना वाचकाची श्रद्धाच पणाला लागते.