नवा आवाज आणि त्यापूर्वींचें मौन

पडद्याआडून आलेल्या हांकेवरून बोलणारी व्यक्ति स्त्री आहे कीं पुरुष, हें मनुष्य क्षणार्धांत ठरवितो. चेहरा, पोशाख, चालण्याची ढब यांपैकीं कांहींच दिसत नसतां आवाज हीच काय ती ओळख उरते. नभोवाणीनें आणि दूरध्वनीनें तर आवाजाचें हें महत्त्व अधिकच वाढविलें. जिला जन्मतः पुरुष म्हणून नोंदलें गेलें आणि जिनें पुढें आपलें स्त्रीत्व जगापुढें उघडपणें स्वीकारलें, अशा पारलिंगी स्त्रीच्या वाट्यास यामुळें एक निराळाच पेंच येतो. पोशाख बदलतां येतो, नांव बदलतां येतें, संप्रेरकांच्या उपचारानें देहाची ठेवणही पुष्कळ पालटते. परंतु दूरध्वनीवर तिनें एक शब्द उच्चारावा आणि पलीकडून “बोला, साहेब” असें उत्तर यावें!

याचें कारण शरीररचनेंत आहे. वयांत येतांना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळें मुलाचें स्वरयंत्र वाढतें, कंठमणि पुढें येतो, आणि स्वररज्जू लांब व जाड होतात. सामान्यतः पुरुष बोलतो तेव्हां हे रज्जू सेकंदाला १०० ते १३० वेळां कंप पावतात. स्त्री बोलते तेव्हां १८० ते २२० वेळां. संगीताच्या भाषेंत सांगावयाचें तर हें अंतर जवळजवळ षड्जापासून शुद्ध धैवताइतकें आहे. एकदां वाढलेले रज्जू स्त्रीसंप्रेरकांनीं पुन्हां आंखूड होत नाहींत. औषधानें आवाज खालीं उतरवितां येतो. वर चढविण्याची वाट मात्र निसर्गानें ठेवलेली नाहीं.

ती वाट मनुष्यानें शोधली, आणि त्या शोधाचा आरंभ एका गायनशिक्षकानें केला. मॅन्युएल गार्सिया यानें १८५४ सालीं दंतवैद्याचा लहानसा आरसा आपल्या घशांत धरला, दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःचेच स्वररज्जू हालतांना पाहिले. पुढील वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्याचा निबंध सादर झाला. १८९५ सालीं बर्लिनच्या आल्फ्रेड किर्श्टाइन यानें आरशावांचून स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहण्याची रीत काढली. स्वरयंत्र दिसूं लागलें खरें. पण कांहीं मिलिमीटरांच्या त्या रज्जूंवर अचूक टांका घालण्याचें साधन अद्याप वैद्यांच्या हातीं आलें नव्हतें.

त्याच बर्लिन शहरांत १९१९ सालीं डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनीं लिंगविज्ञानाची संस्था स्थापिली. पारलिंगी व्यक्तींना आश्रय, सल्ला आणि उपचार देणारें असें स्थान त्या काळीं विरळाच होतें. या संस्थेशीं निगडित असलेल्या डोरा रिख्टर या स्त्रीवर १९३१ सालीं लिंगबदलाची शस्त्रक्रिया पूर्ण झाली. तथापि कंठापर्यंत वैद्यक पोहोंचलें नव्हतें, आणि पोहोंचण्यास तेथें अवकाशही मिळाला नाहीं. ६ मे १९३३ रोजीं नाझी विद्यार्थ्यांनीं संस्था लुटली; चारच दिवसांनीं तिचे ग्रंथ भर चौकांत जाळण्यांत आले.

महायुद्धानंतर हा धागा निराळ्याच हातांनीं उचलला. १९६०च्या दशकांत ऑस्कर क्लाइनझासर यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं स्वरयंत्रावर काम करण्याची पद्धति रूढ केली. १९७४ सालीं जपानांतील क्योतो येथील नोबुहिको इश्शिकी यांनीं स्वरयंत्राच्या कूर्चेची मांडणी बदलून आवाज सुधारण्याच्या चार शस्त्रक्रिया वर्णिल्या. त्यांपैकीं चौथी स्वर चढविण्याची. तिचें तत्त्व तंबोरा जुळविणाऱ्यास सहज समजेल. खुंटी पिळली कीं तार ताणते आणि स्वर चढतो. येथें दोन कूर्चा टांक्यांनीं जवळ आणून रज्जू ताणले जातात. दोष इतकाच कीं कांहीं रुग्णांत कालांतरानें हा ताण सैल पडतो आणि स्वर पुन्हां उतरतो.

दुसरा उपाय सतारीवरचा. पडद्यावर बोट दाबलें कीं तारेचा वाजणारा भाग आंखूड होतो. १९९०च्या सुमारास बर्लिनचे युर्गेन वेंडलर यांनीं ही युक्ति शस्त्रक्रियेंत उतरविली. तोंडावाटेंच आंत जाऊन स्वररज्जूंच्या पुढील भागावरील त्वचा काढावयाची आणि ते दोन्ही भाग एकमेकांस शिवावयाचे. म्हणजे ते जुळून येतात व मागील आंखूड भागच काय तो कंप पावतो. ज्या शहरांत एके काळीं या लोकांविषयींचे ग्रंथ जळाले, त्याच शहरांतून त्यांना आवाज देणारी ही रीत जगभर गेली.

परंतु खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतरच लागते. साधारणतः एक ते दोन आठवडे पूर्ण मौन पाळावें लागतें. कुजबुजही वर्ज्य, कारण तिनेंही कंठावर ताण पडतो. खोकणें, खांकरणें टाळावयाचें; जड वस्तूही उचलावयाची नाहीं, कारण वजन उचलतांना मनुष्य श्वास कोंडतो, रज्जू एकमेकांवर जोरानें आदळतात, आणि नवे टांके तुटण्याची भीति असते. घरांतल्या माणसांशीं व्यवहार पाटीवर अथवा कागदावर लिहून करावयाचा.

मौन सुटल्यावर तरी इच्छिलेला आवाज येतो काय? प्रथम येतो तो घोगरा, क्षीण आणि श्वासाळ स्वर. सूज उतरून तो स्थिरावण्यास तीन ते सहा महिने, क्वचित् वर्षही लागतें. या अवधींत धीर सुटण्याचा संभव मोठा असतो. शिवाय शस्त्रक्रिया केवळ स्वराची उंची बदलते. घशाची व तोंडाची पोकळी तीच राहते, आणि तिचा अनुनादही तोच. बोलण्याची लय, शब्दांवरचा भार, अनुनादाची जागा हें सारें वाचोपचारतज्ज्ञाकडे शिकावें लागतें. म्हणूनच कित्येक स्त्रिया शस्त्रक्रियेवांचून केवळ अभ्यासानेंच आवाज घडवितात. या सौद्याला किंमतही आहे. खर्जाचे स्वर जातात, आवाजाचा जोर कमी होऊं शकतो, गर्दींतून कोणास हांक मारणें अवघड होतें. गाणारीला तर हा तोटा फार जाणवतो.

मराठी रंगभूमीनें पुरुषाच्या कंठांतून स्त्रीचें गाणें ऐकलें आहे. बालगंधर्वांनीं तें साध्य केलें तें साधनेनें. पण ती भूमिका होती, आणि पडदा पडला कीं ती संपे. पारलिंगी स्त्रीच्या जीवनावर असा पडदा पडत नाहीं. तिला भूमिका वठवावयाची नसते, तर ती टाकून द्यावयाची असते. खर्जाचे चार स्वर देऊन आणि कांहीं आठवड्यांचें मौन सोसून ती मागते तें थोडेंच: दूरध्वनीवर अपरिचितानें विचारपूस न करतां “बोला, ताई” म्हणावें.