आधी कातणारीचं पोट, मग खादीचा भाव

वर्ध्याच्या खादी भांडारात कापड मोजण्यात माझी हयात गेली. दोन ऑक्टोबर जवळ आला की गिऱ्हाइकांचा एकच सवाल: "भाऊ, सूट किती?" विचारण्यात गैर काही नाही. पण खादी मुळात महाग का, हे क्वचितच कुणी विचारतं. त्याचं उत्तर आमच्याच गावात 1935 साली ठरलं.

खादीचं काम चालवणारा गांधीजींचा चरखा संघ निघाला 1925 साली. पहिली दहा वर्षं सगळा जोर खादी स्वस्त करण्यावर होता, कारण गाठ गिरणीच्या कापडाशी होती. भाव उतरवायचा तर काटछाट कुणाच्या मजुरीत? विणकर अडून बसू शकत होता. कातणारीला गावात दुसरं कामच नव्हतं. दिवसभर चरखा फिरवून तिच्या पदरात आणा-दीड आणा पडे. शहरातल्या देशभक्ताला खादी परवडत होती ती तिच्या जिवावर.

ते काम काय असतं, हेही सांगतो. सुताची गुंडी म्हणजे 640 तार, एकेक तार चार फुटांचा. डाव्या चिमटीत पिंजलेल्या कापसाचा पेळू, उजव्या हाताने चाक. तार ओढायचा, पीळ द्यायचा, चातीवर गुंडाळायचा. तुटला की सांधून पुन्हा ओढायचा. सराईत हातालाही एका गुंडीला दोनेक तास लागतात. विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत रोज आठ-आठ तास असे कातायला बसत. या मजुरीवर माणूस जगतो का, हे त्यांना स्वतःच्या पोटावर पाहायचं होतं.

गांधीजींच्या मनात आठ तासांना आठ आणे होते. ऑक्टोबर 1935 मध्ये वर्ध्याला संघाच्या मंडळाने ठराव केला: आठ तास नीट काम करणाऱ्याला शास्त्राने ठरवलेला किमान आहार आणि वर्षाला 20 वार कापड मिळेल, इतकी मजुरी हवी. आठ आणे दूरच राहिले, सुरुवातीचं लक्ष्य तीन आण्यांचं होतं. पण हिशेबाची दिशा बदलली. आधी बाजारभाव आणि उरेल ती मजुरी, असं चालायचं. आता आधी मजुरी धरायची आणि त्यावर भाव चढवायचा.

कार्यकर्ते धास्तावले. खप बसला तर बायकांचं आहे तेही काम जाईल, अशी भीती होती. शिवाय कमी मजुरी देऊन स्वस्त खादी विकणारे व्यापारी होतेच. म्हणून संघाच्या प्रमाणपत्राला वजन आलं. ठरलेली मजुरी देईल त्याची खादी प्रमाणित. बाकीची हातसुताची असली तरी अप्रमाणित.

पुढे 1988 साली हॉलंडमध्ये मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या कॉफीवर मॅक्स हॅवेलारचा शिक्का बसला आणि 'फेअर ट्रेड'चा बोलबाला झाला. पिकवणाऱ्याला रास्त दाम मिळाल्याची खूण मालावर असावी, हा विचार वर्ध्याला पन्नास वर्षं आधी सुचला होता.

आजचं 'खादी मार्क' चिन्ह कापड हाताने कातल्या-विणल्याची हमी देतं. ते पाहूनच घ्या. पण सूट विचाराल तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाला एवढंही विचारा: "भाऊ, गुंडीमागे कातणारीला काय मिळतं?" गिऱ्हाईक विचारू लागलं, तरच दुकानदार उत्तर तयार ठेवतो.